झिरोचा दिवा किती वॅटचा?

मराठी घरातला सर्वांत सज्जन म्हणून ज्याची ख्याती आहे, तो झिरोचा दिवा मुळात लबाड आहे. देवघरात किंवा मोरीकडे जाणाऱ्या बोळात, लाल नाहीतर हिरवा, रात्रभर जळत असतो. नाव झिरो, म्हणजे खाणंही झिरो, अशी दोन-तीन पिढ्यांची श्रद्धा. जुन्या मीटरची ॲल्युमिनियमची चकती एवढ्याशा भाराला जेमतेम हलायची, त्यामुळे श्रद्धेला पुरावाही मिळत गेला. प्रत्यक्षात हा दिवा साधारण १५ वॅटचा असतो. रात्री आठ तास जळला तर महिन्याला साडेतीन युनिटांच्या वर खातो आणि सकाळी पुन्हा देवासमोर निरागस चेहऱ्याने टांगलेला असतो.

तो खरोखरच शून्य वॅटचा असता तर काय झालं असतं, तेही काढता येतं. रोध म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला शून्याने भागा. रोध अनंत. अनंत रोधाचा दिवा म्हणजे दोन तारांमध्ये नुसती हवा. असा दिवा आपल्या सगळ्यांच्या घरी आहे, फक्त त्याचा उजेड पडत नाही.

हे गणित मला आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी जिन्यात थांबवून सांगितलं. काका बँकेतून निवृत्त झाले. रोकड एका रुपयाने जुळली नाही तर रात्री अकरापर्यंत बँकेत बसणाऱ्या पिढीतले. अशा माणसाला निवृत्तीनंतर हिशेबाला काहीतरी लागतं. कुणी शेअर बघतात, कुणी सोसायटीच्या सेक्रेटरीचे व्हाउचर तपासतात. काकांनी मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर आणला. काकू म्हणाल्या, “दारू नाही, पत्ते नाहीत, हेही एक बरंच म्हणायचं.” हे त्या पहिल्या आठवड्यात म्हणाल्या.

सूत्र सोपं आहे. इतकं सोपं, की कुणी ते वापरतच नाही. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे ओहम. एक गुणाकार, एक भागाकार. नववीला ‘धाराविद्युत’ नावाच्या धड्यात हे सगळ्यांनी केलेलं असतं. त्या वयात एक त्रिकोण शिकवतात: वर व्ही, खाली आय आणि आर. जे काढायचं त्यावर बोट ठेवा, उरलेलं उत्तर. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची वीज कायम अंगठ्याखालीच राहिली. प्रयोगशाळेतल्या ॲमीटरचा काटा अडकलेला असे, त्याला टिचकी मारली की तो एकदम टोकाला जाई. तरीही जर्नलमधला आलेख मात्र सरळ रेषेत. कारण आधी पट्टीने रेघ ओढायची आणि मग तिच्यावर सोयीने टिंबं द्यायची, ही पद्धत. रीडिंग कुठून आलं असं सरांनी विचारलंच, तर मागच्या वर्षीचं जर्नल असायचं.

खुद्द ओहमसाहेबांना मागच्या वर्षीचं जर्नल नव्हतं. गेओर्ग ओहम हा जर्मनीतल्या एर्लांगेन गावच्या कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, कोलोनच्या शाळेत मास्तर. त्याच्या काळी ज्या विद्युतघटातून वीज घ्यायची, त्याचं बळ मोजता मोजताच ढळायचं. मोजायला सुरुवात केली तेव्हा एक, संपेपर्यंत दुसरंच. १८२५ साली त्याने छापलेलं पहिलं सूत्र चुकीचं होतं. त्यात लॉगॅरिदम होता. ते टिकलं असतं तर नववीतल्या मुलांचं काय झालं असतं या विचाराने अंगावर काटा येतो. पुढे कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने घट सोडून तांबं आणि बिस्मथ यांची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. आता बळ स्थिर राहिलं आणि हिशेब जुळला. १८२७ मध्ये बर्लिनला पुस्तक निघालं. त्या जोरावर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्याची आशा होती. ती मिळाली नाहीच, कोलोनची नोकरीही त्याने सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे लोकांनी मान वर करून पाहिलं. म्युनिकला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला १८५२ मध्ये, आणि वारला १८५४ मध्ये.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले. “दोन वर्षं? आणि शाळेतली सेवा धरली का सलग?” ओहमच्या आयुष्याकडे या बाजूने पाहणारे ते पहिलेच असावेत.

ओहमच्याही आधी इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश नावाचा एक अतिश्रीमंत आणि अतिअबोल गृहस्थ होऊन गेला. त्याच्याकडे करंट मोजायचं यंत्रच नव्हतं. मग त्याने स्वतःलाच सर्किटमध्ये घेतलं. मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून स्वतःच्या अंगात झटका घ्यायचा, दुसऱ्या नळीचा घ्यायचा, आणि कुठला जास्त बसला ते ठरवायचं. या पद्धतीने तो ओहमच्या नियमाच्या अगदी जवळ पोचला होता, पण ते छापायचं त्याने मनावर घेतलं नाही. त्याचे कागद मॅक्सवेलने १८७९ मध्ये संपादून काढले. आमच्या भागातले जुने वायरमन ही कॅव्हेंडिश परंपरा आजही चालवतात. टेस्टर खिशात असतो, पण बोटाची मागची बाजू तारेला टेकवून “आहे, फेज आहे” असं शांतपणे सांगतात. छापायचं तेही मनावर घेत नाहीत.

काकांनी पहिला प्रयोग केला इस्त्रीवर. प्लगमध्ये व्होल्टेज आलं २२८, करंट ४.३ अँपिअर. गुणाकार ९८० वॅट, भागाकार ५३ ओहम. इस्त्रीच्या पाठीवर लिहिलं होतं १००० वॅट. मग इस्त्री बंद करून, गार झाल्यावर तिच्या पिनांना मल्टिमीटर लावला, तर तिथेही ५२ ओहम. काका खूश. दोन वेगळ्या वाटांनी आलेली रोकड जुळली होती. इस्त्रीत नायक्रोमची तार असते, ती तापली तरी तिचा रोध फारसा वाढत नाही. म्हणजे इस्त्री ही प्रामाणिक बाई. गारही तेच बोलते, गरमही तेच. पण एका प्रामाणिक माणसाशी व्यवहार झाला की सगळं जग तसंच आहे असं माणसाला वाटायला लागतं, आणि काकांनी माळ्यावरचा जुना १०० वॅटचा बल्ब उतरवून त्याला मल्टिमीटर लावला.

मीटर म्हणाला, ४० ओहम.

काकांनी तिथेच शिडीवर बसून ५२,९०० ला ४० ने भागलं. तेराशे वॅट! लिहितात शंभर आणि खातात तेराशे! त्या संध्याकाळी काका सोसायटीच्या बाकावर बल्ब हातात घेऊन बसले होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देशात काय चाललंय ते सांगत होते. तिसऱ्या मजल्यावरची इंजिनिअरिंगची मुलगी क्लासहून येत होती. तिने सांगितलं, “आजोबा, गार बल्ब मोजलात तुम्ही. आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते. रोध बारा-तेरापट होतो. जळताना ५२९ ओहम.” काकांनी ५२,९०० ला ५२९ ने भागलं. बरोबर शंभर. पण ते इतक्यात हार मानणारे नव्हते. “आणि बटण दाबल्याबरोबर? तेव्हा तर तार गारच असते ना?” मुलगी म्हणाली, हो, त्या पहिल्या क्षणात तो खरंच पाच-सहा अँपिअर ओढतो. म्हणून तर जुने बल्ब जळताना सहसा मध्येच जात नसत, बटण दाबताना ‘फट्’ करून जात. काकांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. सेकंदाच्या काही हिश्श्यापुरता का होईना, त्यांचा तेराशेचा आकडा उभा राहिला होता.

क्लॅम्प मीटरची कथा याच्या उलट. हे यंत्र म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखा जबडा. तारेभोवती घातला की न कापता, न सोलता करंट दाखवतो. काकांनी तो गिझरच्या वायरीला घातला. शून्य. फ्रीजला घातला. शून्य. मिक्सर, टीव्ही, पाण्याचा पंप, सगळीकडे शून्य. अख्ख्या घरात झिरोचेच दिवे. काकूंनी विचारलं, “मग बिल कशाचं येतं?” हा प्रश्न अत्यंत शास्त्रीय होता. कारण असं, की वायरीत जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा असतात. एकीतून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून परत येतो, आणि जबड्याला दोन्ही एकदम दिल्या की तो दोघांची वजाबाकी करून शून्य सांगतो. जबड्यात एकच तार हवी. मग काकांनी एक हातभर वायर घेऊन तिचं वरचं साल तेवढं काढलं, आतल्या तारा वेगळ्या केल्या, एका टोकाला प्लग आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट बसवलं. ही मोजणीची वायर घेऊन ते आता लग्नाच्या आमंत्रणासारखे घरोघरी जातात.

पहिला झगडा झाला तो फ्रीजवरून. व्होल्टेज २३०, करंट १.१. गुणाकार २५३ वॅट. फ्रीज घेताना दुकानदाराने दीडशे सांगितलेले. काका बिल घेऊन दुकानात निघालेच होते. पण फ्रीजमध्ये मोटर असते, आणि मोटरमध्ये तारेच्या गुंडाळ्या. गुंडाळीला सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारा करंट दिला की ती शेजारणीसारखी वागते: वाटीभर साखर घेऊन जाते, आणि लगेच परत आणून देते. क्लॅम्प मीटरला साखर जाताना दिसते. परत आलेली त्याच्या हिशेबात नसते. घरगुती मीटर मात्र जी साखर खरोखर खाल्ली तेवढीच युनिटं लावतो. या घेतल्या-दिल्याच्या प्रमाणाला पॉवर फॅक्टर म्हणतात. फ्रीजचा तो साधारण ०.६ धरला तर २५३ चे दीडशेच होतात. इस्त्री, गिझर, बल्ब यांच्याशी सरळ गुणाकार चालतो. मोटरशी बोलताना एक आकडा मध्ये घालावा लागतो. “म्हणजे मोटर हा करंट अकाउंट,” काका म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना पॉवर फॅक्टर आमच्यापेक्षा चांगला कळला.

खरी शहाणी गोष्ट सांगितली ती वायरमनने, आणि त्याला यातलं एकही सूत्र लिहिता येत नाही. काकांकडे गिझरचा प्लग काळा पडला होता. २,००० वॅटचा गिझर, करंट ८.७ अँपिअर, आणि तो बसवला होता टोपीवाला ॲडाप्टर लावून ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये. वायरमनने टोपी काढून नुसती हुंगली आणि म्हणाला, “साहेब, पिन ढिली आहे. ढिली पिन म्हणजे शेगडी.” काकांनी वही काढली. समजा ढिल्या जोडाचा रोध अर्धा ओहम. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही, माणसाला तो जाणवतसुद्धा नाही. पण उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबात वाढते. मँचेस्टरजवळच्या एका बिअर बनवणाऱ्याच्या मुलाने, जूलने, हे १८४० च्या सुमारास पाण्यात तारा बुडवून मोजलं होतं. ८.७ चा वर्ग ७५.७, त्याचा निम्मा ३८ वॅट. कथिल वितळवायचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे काकांच्या मोरीच्या बाहेर, प्लास्टिकच्या टोपीत, दीड सोल्डरिंग आयर्न रोज सकाळी अंघोळीच्या वेळी पेटत होतं. काकांनी वही मिटली. वायरमनने तोवर १६ अँपिअरचं सॉकेट बसवलं होतं आणि तो चहाची वाट पाहत होता.

एकदा काकांनी स्वतःला मोजलं. हे मल्टिमीटर घेणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी करतोच. दोन टोकं दोन हातांच्या चिमटीत धरली: आकडा लाखांत. बोटं ओली केली: आकडा धाडकन खाली. काका म्हणाले, कोरडा असताना तर मी चांगलाच इन्सुलेटर आहे. पण मल्टिमीटरची नऊ व्होल्टची बॅटरी प्रश्न विचारते तेव्हा कातडी एक उत्तर देते, आणि २३० व्होल्ट विचारतात तेव्हा दुसरं. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १,०००, म्हणजे २३० मिलीअँपिअर. माणसाला वाचवण्यासाठी घरात बसवतात ते आरसीसीबी ३० वर उडतं, यावरून काय ते समजावं. हा भागाकार काकांनी मोठ्याने केला नाही. काकूंनी मात्र त्याच दिवशी मोजणीच्या पेटीत रबरी सपाता आणून ठेवल्या. “तुमचं ते सूत्र राहू द्या. सपाता घाला आधी.”

मग काका यंत्रं घेऊन गावी गेले. थोरले भाऊ शेती करतात. डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटच्या खांबावरचं घर. संध्याकाळी व्होल्टेज भरलं १८०. काकांनी दाखवून दिलं की पाणी तापवायचा दीड हजाराचा रॉड इथे जेमतेम नऊशेचा होतो, कारण व्होल्टेज २३० चं १८० झालं की वॅट त्याच प्रमाणात नाही, त्या प्रमाणाच्या वर्गात उतरतात. वहिनी म्हणाल्या, “व्हय, पाणी तापत न्हाई, ते ठावं हाय आमास्नी.”

विहिरीवरची मोटर तर याच्याही पलीकडची. रॉड गरीब असतो. व्होल्टेज कमी मिळालं की कमी खातो. मोटर तशी नाही. तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की ती हट्टाने करंट जास्त ओढते, गुंडाळ्या तापतात आणि एका रात्री कॉइल जळते. तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगच्या दुकानांना उन्हाळ्यात उसंत नसते, त्याचं कारण हे. काकांनी भावाला हे सगळं समजावलं. पाच एचपी म्हणजे पाच गुणिले ७४६, म्हणजे ३,७३० वॅट, तेही बाहेर दिलेलं काम, आत घेते ती याहून जास्त. मग त्यांनी मीटर कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा कळलं की मीटरच नाही. बिनमीटरच्या शेतीपंपाची आकारणी एचपीवर, म्हणजे घोडे मोजून. घोडा किती धावला ते कुणी विचारत नाही.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा धक्का मोठा होता. “अरे, पण न मोजता बिल कसं काढतात?” भाऊ तंबाखू मळत म्हणाले, “तुझं गणित लई चांगलं हाय रं. पर होल्टेजच न्हाई, तर गुणायचं कशाला?”

गावाहून आल्यावर काका थोडे दिवस शांत होते. मग गणपती आले आणि मंडपाच्या रोषणाईचं काम अर्थातच त्यांच्याकडे आलं. तिथे त्यांनी पोरांशी पैज लावली: ४० चा आणि १०० चा बल्ब एकामागे एक, सिरीजमध्ये जोडला तर जास्त कोण पेटेल? सगळी पोरं म्हणाली, शंभरचा. पेटला चाळीसचा; शंभरचा नुसता लाल तारेपुरता जागा राहिला. सिरीजमध्ये करंट दोघांना एकच, आणि रोध जास्त असतो तो लहान बल्बचा, म्हणून तोच जास्त उजळतो. मंडळाचे अध्यक्ष एवढे प्रभावित झाले की त्यांनी हे भाषणात घालायचं ठरवलं. त्यात लहान कार्यकर्ता आणि मोठा कार्यकर्ता असं काहीतरी येणार होतं. काकांनी ते हाणून पाडलं.

आता काका मूळ कामाकडे वळले. एक पूर्ण महिना, घरातलं प्रत्येक उपकरण, किती वॅट आणि किती तास. गिझर सकाळी अठरा मिनिटं. पंखे. फ्रीजचा कंप्रेसर दिवसातून किती वेळ चालतो, तेही शेजारी खुर्ची टाकून मोजलं. मोबाइलचा चार्जर भिंतीला तसाच राहिला तर अर्धा वॅट धरून वर्षाला जेमतेम साडेचार युनिटं, हे सिद्ध करून त्यांनी सुनेवरचा एक जुना आरोप मागे घेतला. झिरोचा दिवा वहीत १५ वॅट म्हणून रीतसर नोंदला गेला. देवघरातल्या दिव्याला असं नावाने उघडं पाडणं काकूंना आवडलं नाही, पण त्या काही बोलल्या नाहीत.

महिनाअखेर वहीत बेरीज आली २८७ युनिटं. चार दिवसांनी बिल आलं: २८९.

आपण असतो तर पेढे वाटले असते. तीनशेच्या आत, म्हणजे वरच्या दरात गेलो नाही, याचाच आनंद मानला असता. काकांना त्या रात्री झोप लागली नाही. दोन युनिटं म्हणजे दोन हजार वॅट-तास. कुठे गेले? मीटर चुकतोय का? कुणी वायर टाकली आहे का? दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, “साहेब, दोन युनिटांसाठी मला बोलावलंत, माझीच मजुरी वीस युनिटांची होईल.” तिसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणाली, “एवढी चूक तर आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये फर्स्ट क्लास समजतात.” काका ऐकेनात. वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली.

शेवटी काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “अहो, टेबलाजवळची ट्यूब धरलीत का?”

काकांनी पानं उलटली. हॉलची होती, स्वयंपाकघराची होती, बेडरूमची होती. टेबलाजवळची नव्हती. ट्यूब ४० वॅट, जुना चोक धरून पन्नास. दोन हजार भागिले पन्नास, चाळीस तास. तीस दिवसांवर वाटले तर रोज एक तास वीस मिनिटं.

“बरोबर,” काकू म्हणाल्या. “साडेनऊला माझी मालिका संपते, तेव्हा तुम्ही वही घेऊन बसता. झोपायला येता दहा पन्नासला.”

काकांनी पेनाचं टोपण काढलं, २८७ च्या खाली नवीन ओळ आखली, ‘हिशेब लिहिण्याचा खर्च, २ युनिट’ अशी नोंद केली, आणि खाली लाल शाईने सही ठोकली.